गोळाफेक : ४५ अंशांचा हट्ट धरायचा की वेगामागे लागायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी,
सरळ मुद्द्यावर येते. माझी भाची नववीत आहे, १७ वर्षांखालील गटात ३ किलोचा गोळा टाकते. मैदानावर जो येतो तो तिला एकच सांगतो, "कोन ४५ चा ठेव, अजून वर टाक." पुस्तकातही ४५ च आहे. पण वर टाकायच्या नादात तिचा गोळा मंदावतो आणि जवळच पडतो, हे बघणाऱ्या कुणालाही दिसतं. मी थोडं गणित करून बघितलं. गोळा ८ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटला आणि सुटताना हात जमिनीपासून १.६ मीटर उंच असला तर पल्ला असा येतो : ३० अंशाला ७.६९ मीटर, ३५ ला ७.९०, ३९ ला ७.९६ आणि ४५ ला ७.८५. म्हणजे ३५ पासून ४५ पर्यंत कुठेही टाका, फरक फक्त ११ सेंटीमीटरचा! आणि तोच वेग ८ चा साडेआठ झाला तर पल्ला थेट ८.८२. म्हणजे ८६ सेंटीमीटर जास्त.

माझं स्पष्ट मत असं की पोरींच्या मागे कोनाचा लकडा लावण्यापेक्षा वेग कसा वाढेल ते बघावं. मैदानावर शिकवणारे, फिजिक्सवाले, स्वतः टाकणारे, सगळ्यांनी बोला.

चहाबाज
जागा पकडून बसतोय. पण ३९ अंश असं तिला सांगू नका हो, नाहीतर सर्कलमध्ये कंपासपेटी घेऊन उतरेल :)

अकरावी_ब
मला नाही पटलं. आमच्याकडे आत्ताच प्रोजेक्टाईल, म्हणजे फेकलेल्या वस्तूचा धडा, झाला. पल्ला = वेगाचा वर्ग गुणिले साइन २ थीटा भागिले जी (थीटा म्हणजे टाकण्याचा कोन, जी म्हणजे गुरुत्वाकर्षण). साइन जास्तीत जास्त १, ते ९० ला, म्हणून थीटा ४५. यात वाद कसला? ३९ कुठून आला?

सुमेधा_भौ
@अकरावी_ब, तुझं सूत्र बरोबर आहे रे, पण ते कुठल्या अटीवर काढलंय ते बघ. जिथून सुटलं त्याच पातळीवर पडलं पाहिजे, आणि हवेचा अडथळा नको. चेंडूला जमिनीवर लाथ मारली तर पहिली अट जुळते. गोळाफेकीत गोळा सुटतो खांद्याच्या वर आणि पडतो जमिनीवर. म्हणजे सुटलेल्या पातळीला परत आल्यावरही तो आणखी दीड-दोन मीटर खाली जाणार आहे, आणि तेवढा वेळ त्याला फुकटात मिळालेला आहे. फुकटचा वेळ हातात असेल तर उंचीवर खर्च थोडा कमी करून आडवा वेग थोडा जास्त ठेवणं फायद्याचं. म्हणून सगळ्यात चांगला कोन ४५ च्या खाली सरकतो.

किती खाली? टॅन थीटा = v भागिले (v वर्ग + २gh) चं वर्गमूळ. v म्हणजे सुटतानाचा वेग, h म्हणजे सुटतानाची उंची. कृष्णाकाठ यांचे आकडे घातले तर ३९.३ येतात, म्हणजे त्यांचं गणित चोख आहे. आता हेच मोठ्या पुरुष खेळाडूसाठी कर. वेग १३, उंची २ मीटर. कोन येतो ४२, पल्ला १९ मीटरच्या जरा वर. यातली मजा बघ, ताकदवान माणसाचा कोन ४५ च्या जवळ आणि नवख्या पोराचा त्याहून खाली. वेग वाढत गेला की दीड-दोन मीटरची उंची एकूण पल्ल्यापुढे किरकोळ ठरते, म्हणून. आपल्याकडे नेमकं उलट चालतं, शाळकरी पोरांनाच ४५ चा धाक.

हवेचा म्हणशील तर गोळ्याला हवा जवळजवळ जाणवतच नाही. या वेगाला हवेचा अडथळा गोळ्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरतो. सोडून दिला तरी चालेल.

अकरावी_ब
ओके मॅडम. h टाकून केलं, जमलं. पण मग पेपरात काय लिहू?

सुमेधा_भौ
पेपरात ४५ लिही आणि पुढे "एकाच पातळीवर, हवेचा अडथळा नसताना" एवढं लिही. मी तपासत असते तर खूश झाले असते.

मैदानावरचा
मी पीटी शिकवतो, बरीच वर्षं गोळा-थाळी हाच माझा विषय आहे. गणित तुमचं बरोबर असेल, पण ४५ का सांगतात ते पण ऐका. नवीन पोरं गोळा भिंतीवर ढकलल्यासारखा सपाट टाकतात, २०-२५ अंशावर. त्यांना "वर बघ, समोरच्या झाडाच्या शेंड्यावर टाक" म्हटल्याशिवाय गोळा उचललाच जात नाही. ४५ सांगितले की ती ३५ ला येतात. कोच ४५ म्हणतो तेव्हा त्याच्या हातात काही कोनमापक नसतो, पोरगं कुठे चुकतंय ते बघून तो बोलतो.

आता ताईंच्या भाचीबद्दल. वर टाकायला गेलं की गोळा मंदावतो असं त्या म्हणतात, तिथे माझा अंदाज आहे की तिचं कोपर खाली पडतंय. कोपर गोळ्याच्या मागे असायला हवं. ते बरगडीकडे पडलं की ढकलणं बंद होतं आणि हात गोळ्याला खालून वर झेलतो, मग गोळा वर जातो पण जीव नसतो त्यात. आणि हाताकडे नीट बघा. गोळा बोटांच्या मुळांवर बसला पाहिजे, तळहातात रुतून नाही. सराव झाल्यावर माती गळ्याला आणि हनुवटीखाली लागलेली दिसली पाहिजे आणि तळहाताचा मधला खळगा कोरडा. तळहात मातीने भरलेला असेल तर मनगटाचा शेवटचा झटका वाया गेला असं समजा.

कृष्णाकाठ
सर, तळहाताचं अगदी बघणार आज. सपाट टाकणाऱ्या पोरांना ४५ सांगणं हे पटलं. पण माझी तक्रार तीच आहे की एकदा सांगितलेलं ते ४५ मग कुणी काढून घेत नाही! पोरगी ३८ वर आली तरी "अजून वर, अजून वर" चालूच.

तिरकस_रेघ
या सगळ्यात एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. वरची सगळी गणितं असं धरून चाललीत की कोन बदलला तरी वेग तोच राहतो. तोफेचं तसं असेल, माणसाचं नसतं. एक तर जितकं वर ढकलाल तितकं गोळ्याचं वजन तुमच्या ढकलण्याच्या विरुद्ध उभं राहतं. दुसरं म्हणजे आपलं शरीरच तसं आहे, छातीसमोर ढकलताना जेवढा जोर लावता येतो तेवढा डोक्यावर ढकलताना लावता येत नाही. जिममध्ये जाणाऱ्या कुणालाही विचारा, बेंच प्रेसला किती उचलतो आणि शोल्डर प्रेसला किती. म्हणजे कोन वाढवला की सुटतानाचा वेग खाली येतो, आणि पल्ल्यात वेगाचा वर्ग आहे, त्यामुळे फटका दुप्पट.

आकडे घालून दाखवतो. ३७ अंशाला तिचा वेग ८ आहे असं धरा. पल्ला ७.९५. आता ४५ ला टाकायला लावलं आणि वेग फक्त ७.८ झाला. पल्ला ७.५२. गेले की नाही ४३ सेंटीमीटर? कृष्णाकाठ ताई, तुमच्या डोळ्याला जे दिसलं ते हेच आहे. जगातले चांगले गोळाफेकपटूसुद्धा म्हणून गणिताच्या ४२ वर टाकत नाहीत, त्यांचे कोन बहुतेक ३५ ते ३९ च्या दरम्यान सापडतात.

चहाबाज
>> फटका दुप्पट
दिवसाचं वाक्य. ऑफिसात शोल्डर प्रेसवरून दोघांची पैज लागली आत्ता.

माणदेशी
आमच्याकडं ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला माळ्यावर बसायचं न् गोफण मारायची. गोफणीला दोन दोऱ्या, एकीचा फास बोटात, दुसरी नुसती चिमटीत धरायची. गरागरा फिरवून चिमटीतली सोडली की गुंडा, म्हंजी दगड, सुटला. आता बगा, कोन सगळा कशावर? चिमूट कवा सोडली त्याच्यावर. जरा आधी सोडली तर गुंडा आभाळात, जरा उशीर झाला तर समोरच्या ज्वारीच्या ताटात. न् वेग कशावर? दोरी किती लांब न् मनगट किती चालतंय त्याच्यावर. लांब दोरीची गोफण लांब टाकती, पर ती आवरायला जोर पायजे. आमचं आबा सांगायचं की आधी आखूड दोरीवर हात बसव, मग लांब घे.

न् गोळ्याचा विषय निघालाय तर सचिन खिलारींचं नाव घेतल्याशिवाय कसं जमंल? आमच्या आटपाडी तालुक्यातलं पोरगं, २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकला १६.३२ मीटर टाकून रुपेरी पदक आणलं. डावा हात अधू असून. अंगाचा तोल सावरायला दुसरा हात किती लागतो ते गोळा टाकणाऱ्याला इचारा.

मैदानावरचा
माणदेशी भाऊ, मनापासून अनुमोदन. टाकताना डावा हात आधी उघडून छातीशी आखडून घ्यायचा असतो, त्याने उजवा खांदा पुढे फेकला जातो. तो हात पूर्ण साथ देत नसताना १६ मीटर पार करणं काय असतं हे मी पोरांना नेहमी सांगतो.

देवळालीकर
तोफखान्यात नोकरी झाली, आता निवृत्त. तिरकस_रेघ यांनी तोफेचं नाव घेतलं म्हणून लिहितो. तोफेचं खरंच वेगळं आहे, तिथे वेग आणि कोन दोन्ही तुम्ही वेगवेगळे ठरवता. हॉवित्झर म्हणजे उंच कोनातही मारणारी तोफ, तिच्यात आधी चार्ज ठरतो, म्हणजे गोळ्यामागे किती दारू भरायची ते. चार्ज ठरला की गोळा नळीतून किती वेगाने सुटणार ते ठरलं. मग पल्ल्याप्रमाणे एलिव्हेशन, म्हणजे नळीचा कोन. आणि एकाच चार्जवर, एकाच लक्ष्यासाठी बहुतेक वेळा दोन एलिव्हेशन मिळतात, एक ४५ च्या खालचं, एक वरचं. खालच्याने गोळा लवकर पोचतो. वरच्याने तो खूप उंच जाऊन जवळजवळ उभा खाली येतो. शत्रू डोंगराच्या पलीकडच्या उतारावर बसला असेल तर खालच्या कोनाचा गोळा अलीकडच्या धारेवर आदळतो किंवा डोक्यावरून निघून जातो, तिथे वरचाच कोन लागतो. पहाडी मुलखात याची किंमत कळते.

नवीन पोरांना एक गोष्ट पचायला वेळ लागतो. ४५ च्या वर गेलात की नळी जितकी उभी कराल तितका गोळा जवळ पडतो. लांब टाकायचंय म्हणून हात आपोआप नळी वर करायला जातो आणि इथे ती खाली करायची असते. आपल्या उखळी तोफा याच वरच्या कोनाच्या, तटाच्या आत गोळा टाकायला. आजची मॉर्टरसुद्धा ४५ च्या वरच चालते.

अकरावी_ब
काका भारी! म्हणजे ३० आणि ६० ला पल्ला सेम हे जे आम्ही पाठ केलं ते खरंच वापरतात? ६० वाला हवेत किती जास्त वेळ राहतो?

सुमेधा_भौ
काढ की. वेळ उभ्या वेगावर, उभा वेग साइनवर. साइन ६० भागिले साइन ३०, म्हणजे १.७३ पट. ४५ पासून दोन्हीकडे सारखं अंतर ठेवलं की पल्ला सारखा, हे गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात सिद्ध करून दिलं. ४५ ला सगळ्यात लांब जातं असं टार्टालियाने त्याच्या शंभर वर्षं आधीच म्हटलेलं होतं, १५३७ मध्ये. पण मार्ग पॅराबोला असतो हे त्याच्याकडे नव्हतं, ते गॅलिलिओने दिलं. आडवी गती आणि उभी गती एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, एवढी एक गोष्ट धरली की बाकी सगळं त्यातून निघतं.

देवळालीकर
सुमेधाताई, त्यात हवेची भर घालतो. हवेमुळे लांब पल्ल्याचा कोन साधारण ४५ च्या खाली येतो. पण उलटंही घडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात १९१८ ला जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर तोफ डागली, तिचं एलिव्हेशन ५० अंशांच्या वर होतं. कारण असं की गोळा लवकरात लवकर विरळ हवेत पोचवायचा. वरती अडथळा नगण्य, तिथे तो आरामात लांब जातो. आणि सुटण्याचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर असल्याशिवाय ही युक्ती चालत नाही. पुन्हा वेगच.

निवांत_मी
मग क्रिकेटच्या षटकाराला कोन किती? वानखेडेवर बॉल असा उंच जातो की वाटतं समुद्रात पडणार आणि सीमारेषेवर झेल.

तिरकस_रेघ
क्रिकेटच्या चेंडूला हवा चांगलीच लागते. १६० ग्रॅमच्या आसपास वजन, आकार त्या मानाने मोठा. ४० मीटर प्रतिसेकंदाने ४५ ला निघालेला चेंडू हवाच नसती तर १६३ मीटर गेला असता. प्रत्यक्षात शंभरच्या अलीकडे-पलीकडे पडतो. त्यामुळे सगळ्यात लांब जाण्याचा कोन चाळिशीच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. आणि तुम्ही म्हणता तो "कौव्वा" म्हणजे ६०-६५ चा कोन, बॅटच्या वरच्या कडेला लागलेला. उंची भरपूर, पल्ला नाही, फील्डरला चालत यायला वेळ.

अटकेपार
सध्या मुक्काम बर्लिन. भालाफेकीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. भाला म्हणजे नुसता प्रोजेक्टाईल नाही, तो हवेवर तरंगतो. इथेच, तेव्हाच्या पूर्व बर्लिनमध्ये, १९८४ ला उवे होन याने १०४.८० मीटर टाकला. मैदान पुरेना अशी वेळ आली, शिवाय त्या काळचे भाले सपाट पडायचे, टोक आधी टेकलं की नाही यावर वाद व्हायचे. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे सरकवला. टोक लवकर खाली झुकायला लागलं, पल्ले एकदम कमी झाले. नव्या भाल्याचा विक्रम यान झेलेझ्नीचा ९८.४८, १९९६ चा, तोही जर्मनीतच, येना गावात. अजून शाबूत.

आपल्या नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ ला सुवर्ण घेतलं आणि २०२५ ला दोह्यात ९०.२३ टाकून नव्वदी ओलांडली. नव्वदीला साधारण ३० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास वेग लागतो, कोन ३५ च्या आगेमागे. त्याची शेवटची दोन पावलं स्लो मोशनमध्ये बघा. डावा पाय काठीसारखा ताठ रोवतो, गुडघा वाकूच देत नाही. पळण्याचा सगळा वेग त्या पायावर अडतो आणि खांद्यातून हाताकडे जातो.

मैदानावरचा
हा डावा पाय! गोळाफेकीतही तोच. डावा पाय टो बोर्डाजवळ (सर्कलच्या पुढच्या कडेची पट्टी) रोवून शेवटी ताठ झाला तर दोन कामं होतात, कमरेचा वेग वर जातो आणि गोळा उंचावरून सुटतो. गुडघा वाकलेला राहिला तर दोन्ही गेलं. कोन आपोआप मिळतो तो इथून, पायातून. हाताने कोन द्यायला गेलात की कोपर पडलंच.

सुमेधा_भौ
सर, तुमच्या म्हणण्याला आकडा देते. त्याच ८ च्या वेगाला सुटण्याची उंची १.६ ऐवजी १.७ झाली तर पल्ला ८-९ सेंटीमीटरने वाढतो. कोन ३५ वरून ३९ करून जेवढं मिळतं त्यापेक्षा हे जास्त आहे.

गोदाकाठची_उडी
वाचतेय, छान चाललंय. मी कॉलेजात लांब उडी मारायचे. आमच्या वेळी पण कुणीतरी ४५ चं खूळ काढलं होतं. लांब उडीत कोन असतो साधारण २० अंश, आणि ऐकणाऱ्याला खोटं वाटतं.

तिरकस_रेघ
लांब उडी हे तर सगळ्यात चांगलं उदाहरण. चांगला उडीपटू ९ मीटर प्रतिसेकंदाने फळीवर येतो. एका पायाच्या एका ठोक्यात त्याला वर जायला किती वेग मिळणार? तीन, सव्वातीन. ३.२ भागिले ९, कोन निघाला १९-२०. त्याला ४५ हवेच असतील तर धावायचं सोडून द्यावं लागेल. ४ आडवा, ४ उभा असं केलं तर उडी सव्वातीन मीटरची. म्हणजे तिथे कोन कुणी निवडतच नाही, वेगाला धरून राहिलं की जो उरतो तो कोन.

मीनल_कु
पण प्रत्येक वेळी वेग जास्त आणि कोन कमी असं नाही ना. मी बास्केटबॉल खेळते. तिथे ४५ ला टाकला तर आमचे सर ओरडतात, अजून उंच म्हणून. रिंग ३.०५ मीटरवर, आतला व्यास ४५ सेंटीमीटर, चेंडू २४ च्या आसपास. चेंडू तिरका येतो तेव्हा त्याला रिंग गोल दिसत नाही, चपटी दिसते. ३० अंशाने आला तर त्याच्यापुढे साडेबावीस सेंटीमीटरच तोंड उरतं, म्हणजे रिंगला न लागता आत जाणं शक्यच नाही. ४५ ने आला तर ३२ सेंटीमीटर. म्हणून उंच.

सुमेधा_भौ
वा मीनल! आणि यात एक सुंदर गोष्ट लपलीये. कमीत कमी जोरात एखाद्या जागी पोचायचं तर कोन लागतो ४५ अधिक त्या जागेच्या चढाचा अर्धा. फ्री थ्रोला हातापासून रिंग साधारण एक मीटर वर आणि सव्वाचार मीटर पुढे, चढ १३ अंशांच्या जरा वर, म्हणून कोन ४५ + ६.६, म्हणजे ५१-५२. आता गोळाफेकीला लावा. पडण्याची जागा हातापासून १.६ मीटर खाली आणि ७.९६ मीटर पुढे, उतार ११.४ अंश. ४५ वजा ५.७ = ३९.३. तोच आकडा आला की नाही? @अकरावी_ब, हे स्वतः सिद्ध करून बघ, दोन ओळींचं काम आहे.

अकरावी_ब
करतो मॅडम. दोन ओळी म्हणजे तुमच्या दोन का आमच्या दोन?

चहाबाज
चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश. तिथे स्पर्धा घेतली तर आपली सगळी पोरं विक्रमवीर.

अटकेपार
चहाबाज, चंद्रावर झालंय ते. १९७१ ला अपोलो १४ च्या अ‍ॅलन शेपर्डने तिथे गोल्फचे दोन चेंडू मारले. नंतर फोटोंवरून मोजलं तर दुसरा चेंडू ४० यार्डांच्या आसपास निघाला, म्हणजे साधारण ३७ मीटर. ना हवा, ना आपल्याएवढं वजन, तरी एवढंच. अंतराळवेशात खांदे वळत नाहीत, मारलं एका हाताने, वेगच मिळाला नाही बिचाऱ्याला.

गोदाकाठची_उडी
धागा चंद्रावर पोचला, आता सांगलीला परत आणा :) कृष्णाकाठ ताईंचा प्रश्न राहिलाय.

कृष्णाकाठ
कुठे राहिलाय, मी तर वहीत उतरवून घेतेय सगळं. एकच विचारायचंय, तिचा वेग आणि कोन घरच्या घरी मोजता येईल का? सेन्सर वगैरे आमच्या आवाक्याबाहेरचं.

तिरकस_रेघ
मोबाईल पुरतो. स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा. फोन स्टँडवर, सर्कलच्या बरोबर बाजूला, टाकण्याच्या दिशेला काटकोनात, गोळा सुटतो त्या उंचीवर आणि जरा लांब. हातात धरून किंवा मागून-पुढून घेतलेला व्हिडिओ उपयोगाचा नाही, कोन खोटा दिसतो. गोळ्याचा व्यास आधी पट्टीने मोजून ठेवा, तीच तुमची फूटपट्टी. मग हात सुटल्यानंतरच्या फ्रेम एकेक करून पुढे न्या आणि स्क्रीनवर पारदर्शक प्लास्टिक लावून गोळ्याच्या मध्यावर मार्करने ठिपके द्या. ८ च्या वेगाला प्रत्येक फ्रेममध्ये गोळा ३.३ सेंटीमीटर सरकतो. आठ-दहा ठिपक्यांची रेघ काढली की कोन आला, पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यातलं अंतर भागिले वेळ केलं की वेग. दहा फ्रेमच्या पुढे जाऊ नका, गोळा खाली वळायला लागतो आणि कोन कमी भरतो. दहा फ्रेमलाच एक-सव्वा अंश कमी दिसतो, तेवढा मिळवून घ्या.

मैदानावरचा
आणि ताई, टेपने मोजलेला पल्ला आणि गणितातला पल्ला जुळला नाही तर घाबरू नका. टेप लागते टो बोर्डाच्या आतल्या कडेपासून, गोळा सुटतो तेव्हा हात बोर्डाच्या पुढे गेलेला असतो. तेवढं अंतर टेपमध्ये जास्तीचं मिळतं. ते मिळायलाच पाहिजे. हात बोर्डाच्या मागेच असेल तर पोरगी मागच्या पायावर राहून टाकतेय.

एका बाबतीत मात्र मी अजून माझ्या मतावर आहे. ३५ च्या खाली जाणाऱ्या पोरांना मी "वर बघ" सांगणारच. वेग वेग करत पोरं खांदा आधीच फिरवून मोकळी होतात आणि गोळा सेक्टरच्या, म्हणजे गोळा पडायला आखलेल्या जागेच्या, डाव्या रेषेबाहेर जातो. फाऊल. त्या थ्रोचा वेग कितीही असो, कागदावर शून्य.

तिरकस_रेघ
सर, इथे तुमचं-माझं भांडण नाहीच. ३५ च्या खाली तोटा वाढत जातो, ३० ला तर २५-२७ सेंटीमीटर जातात, हे ताईंच्या पहिल्या आकड्यांतच आहे. माझं म्हणणं इतकंच की ३५ ते ४० मध्ये आल्यावर कोनाचं नाव काढायचं नाही. आणि प्रत्येकाचा नेमका कोन वेगळा, कारण वर ढकलताना कुणाचा वेग किती पडतो ते ज्याच्या-त्याच्या खांद्यावर आणि पायावर आहे. दोघींची उंची सारखी असली तरी एकीचा ३६ आणि एकीचा ४० असू शकतो.

कृष्णाकाठ
काल संध्याकाळी व्हिडिओ घेतला. फोनला स्टँड नव्हता, दोन विटा आणि पाण्याच्या टाकीवर उभा केला. "वर टाक" न सांगता टाकलेल्यांत ठिपक्यांची रेघ ३६-३७ च्या दरम्यान येतेय, "वर टाक" सांगितल्यावर ४३-४४. आणि वर टाकलेल्यांत ठिपके एकमेकांच्या जवळ पडलेत, हे मोजायच्या आधीच नुसतं बघून कळत होतं. सर, तळहाताचं तुमचं बरोबर निघालं, खळगा मातीने माखलेला होता. आता आधी गोळा बोटांच्या मुळाशी बसवायचा आणि डावा पाय, ही दोनच कामं दिलीयेत. कोनाचं सध्या कुणीही बोलायचं नाही असं घरात आणि मैदानात दोन्हीकडे सांगून टाकलंय.

तिच्या मैत्रिणी आता गोल फिरून टाकायचं शिकू म्हणतायत. त्याने वेग वाढतो म्हणे. शिकू द्यावं का?

मैदानावरचा
वेग वाढतो हे खरं, मोठ्या स्पर्धेतले बहुतेक पुरुष आता फिरूनच टाकतात. पण नववीत, गोळा अजून तळहातात रुततोय अशा वेळी नको. आधी उभ्याने, मग ग्लाईड, म्हणजे पाठमोरं उभं राहून सर्कलमध्ये सरकत येऊन टाकणं. ग्लाईड करून उभ्याच्या थ्रोपेक्षा मीटरभर तरी जास्त जायला लागला, आणि डावा पाय दर वेळी ताठ राहिला, की मला इथेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फिरणं कसं सुरू करायचं ते लिहून देतो, त्याला आधी गोळाही लागत नाही.

माणदेशी
आबा काय म्हणायचं? आधी आखूड दोरी.